घट

सावद्याच्या तोलकाट्यावर दुपारचे दोन.
पत्रा तापून टिचतो आहे, कूलरला पाणी नाही,
माझ्या पडद्यावर एक चौकट, तिच्यात लुकलुकती रेघ.
तिला एक ओळ दिली की तिथल्या तिथे उत्तर देते.

लोटूनाना खुर्चीमागून डोकावतात.
"एवढे कंस कशाला गं यामे?
मथुरेला एकच होता, तो पुरून उरला."
उघडलेला प्रत्येक मिटवायचा असतो, नाना,
बाकी याला शास्त्र नाही.

गोष्ट केळीची.
घडाला दांडा असतो, दांड्याला वजन,
आणि दांडा कोणी खात नाही.
म्हणून शंभर किलोमागे आठ किलो घट.
सोमवारी बैठक झाली, आठाचे सहा ठरले.
मी फाइल उघडली, व्याख्या बदलली,
तेवढीच ओळ उचलून चौकटीत सोडली.
विचारलं, क्विंटलला घट किती?
सहा.
पुन्हा विचारलं.
सहा.
नानांना म्हटलं, झालं, पाठवा गाड्या.

आणि सिंधूबाई फालक पावती घेऊन परत आल्या.
चष्मा घरी राहिलेला, तरी आकडा बरोबर हेरला.
"आठच कापले, माय."

चौकट खोटं बोलत नव्हती.
पावतीही नाही.
मी दोघींच्या मध्ये तासभर घाम पुसत.

बाहेर रुमल्या पावरा घडांवर पानं अंथरत होता.
सातपुड्यातली त्याची बोली वेगळी,
काट्यावर मात्र तो आमची बोलतो.
"कढी अडकलं, ताई?"

कढी.
पुण्यात पहिल्या आठवड्यात मी खोलीतल्या मुलीला
विचारलं होतं, कढी गेलती?
ती म्हणाली, संपली गं, आमटी आहे, देऊ?
माझ्या तोंडून निघाला तेव्हा 'कुठे' होता तो शब्द,
तिच्या कानात पोचेस्तोवर ताकाचा झाला.

तेव्हा कुठे नजर गेली चौकटीच्या कडेला.
तिथं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं
आपण कोणत्या मॉड्यूलमध्ये उभे आहोत ते.
रोज समोर असतं, म्हणून वाचत नाही कोणी.
मी ओसरीवर उभी होते,
यंत्र आल्यागेल्याला बसवतं त्या जागी.
तिथंच मी सहाची घट मांडली
आणि तिलाच विचारत राहिले, किती गं तू?
आत बाजार नावाच्या मॉड्यूलमध्ये
आठाची घट आपली कापत बसलेली,
हाक तिच्यापर्यंत गेलीच नव्हती.
भिंतीच्या अलीकडे पलीकडे एका नावाच्या दोघी,
आणि पावत्या सगळ्या आतून निघतात.

स्वल्पविराम, एक अक्षर, मग बाजार.
कडेचं नाव बदललं.
घट?
आठ.
चुकीचं उत्तर, पण खऱ्या ठिकाणचं,
इतकं हायसं वाटलं की नानांना हाक मारून दाखवलं.
त्यांना काय दिसलं कोण जाणे,
"आठच तर आहे अजून," म्हणाले.

मग तीच ओळ, अक्षरही न बदलता, इथं सोडली.

सिंधूबाईंचा माल अकरा क्विंटल.
पावती छापून निघायच्या आत
त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजून ठेवले होते
बावीस किलो.
"आता मिळालं," एवढं म्हणून पदरात गाठ मारली.
काट्यावर पुढचा ट्रॅक्टर चढला.

संध्याकाळी घरी आखाजीची गडबड.
अंगणात कुंभाराकडची घागर ओल्या फडक्यात,
डांगर कोनाड्यात, सांजोऱ्यांचा वास गल्लीभर.
स्वयंपाकघरातून आई ओरडली,
"यामे, उद्याचा घट धुवून ठेवला का?"
मी चप्पल काढता काढता दारातच थांबले,
आणि क्षणभर मनात
शंभरातून सहा वजा करत राहिले.